चेनची रेषा दाखवणारी सळई: वापरानंतरचा अभिप्राय

मोटरसायकलची चेन ताणताना मागचे चाक सरळ आहे की नाही, हे मी आजवर स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा पाहूनच ठरवत असे; मात्र दोन्ही बाजूंच्या खुणा जुळत असूनही स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे) दात एकाच अंगाने घासलेले दिसले, तेव्हा चेन अलाइनमेंट टूल विकत घेतले. मागच्या स्प्रॉकेटवर आवळायचा एक छोटा क्लॅम्प आणि त्यातून चेनला समांतर पुढे जाणारी बारीक सळई, एवढाच त्याचा पसारा.

क्लॅम्प स्प्रॉकेटच्या सपाट भागाला पूर्ण टेकवून बसवावा आणि एक डोळा मिटून मागून पाहावे. सळई पुढे जाता जाता चेनच्या जवळ येत असेल किंवा तिच्यापासून लांब जात असेल, तर चाक तिरके आहे. माझ्या गाडीचे होतेच. एका बाजूचा ॲडजस्टर (चाक मागेपुढे सरकवणारा स्क्रू) थोडा थोडा फिरवताना हा फरक नजरेला इतका स्वच्छ दिसतो की खुणांवर ठेवलेल्या विश्वासाचे हसू यावे.

मुख्य तक्रार सळईविषयी आहे. डब्यातून काढली तेव्हाच ती किंचित वाकलेली होती, आणि वाकडी सळई सरळ चाकालाही दोषी ठरवते. क्लॅम्पचा स्क्रू सैल करून सळई जागच्या जागी फिरवली असता टोक गोल घिरट्या घालू लागले, त्यावरून हे लक्षात आले.

डब्यावर ‘चेन ॲडजस्टमेंटसाठी संपूर्ण साधन’ असे छापले आहे, ते मात्र खरे नाही, कारण चेन किती ढिली आहे हे या साधनाला कळत नाही. त्यासाठी दोन स्प्रॉकेटांच्या मध्यावर, खालच्या बाजूची चेन वरखाली हलवून पट्टीनेच मोजावे लागते. अनेक गाड्यांना 20 ते 30 मिमी ढिलाई सांगितलेली असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा, आणि चाक फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथले माप धरावे. स्विंगआर्म वरखाली होताना दोन स्प्रॉकेटांमधले अंतर बदलते. त्यासाठी ढिलाईच उरली नसेल, तर तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो.

एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट आवळताना चाक पुन्हा जरासे सरकते, म्हणून क्लॅम्प शेवटपर्यंत काढू नये. पूर्ण बंद चेनकव्हर असलेल्या गाडीवर कव्हर उतरवल्याशिवाय हा क्लॅम्प बसवता येत नाही, त्यामुळे अशा गाडीसाठी तो घेऊ नये.