पाण्याखालचे पुतळे: गिली मेनो की लान्सारोते?

समुद्रतळावर गोल करून उभ्या असलेल्या माणसांचा फोटो आमच्या स्विमिंग पूलच्या ग्रुपवर फिरला आणि अर्ध्या नागपूरला स्कूबाचे डोहाळे लागले. त्यात दोन नावं सारखी येतात, इंडोनेशियातलं गिली मेनो आणि स्पेनचं लान्सारोते, दोन्ही बेटं. दोन्हीकडची शिल्पं जेसन डिकेअर्स टेलर या एकाच शिल्पकाराची. त्याने २००६ मध्ये ग्रेनाडाच्या समुद्रात पुतळे उतरवले, तिथून हे वेड सुरू झालं. पण शिल्पकार एक असला तरी दोन्हीकडचं पाणी अगदी वेगळं आहे.

फोटो बाजूला ठेवा, आधी खोली विचारा. गिली मेनोचे ४८ पुतळे जेमतेम ४ मीटरवर, किनाऱ्यापासून जवळ. नाकावर मास्क, तोंडात नळी (स्नॉर्केल), एवढ्यावर ते वरून दिसतात. स्पष्टच सांगतो, निव्वळ पुतळ्यांसाठी तिथे हवेची टाकी पाठीवर घेणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ओला टॅक्सी बोलावणं. टाकीचा फायदा एकच, पुतळ्यांच्या डोळ्यांच्या रेषेत शांत तरंगता येतं. तेही सकाळी लवकर गेलात तर. नंतर स्नॉर्केलवाल्यांच्या बोटी येतात आणि फोटोत पुतळ्यांपेक्षा त्यांच्या पायातले फ्लिपर जास्त.

लान्सारोतेचं म्युझिओ आत्लांतिको हे पाण्याखालचं संग्रहालय १२ ते १४ मीटरवर आहे. तीनशेहून जास्त आकृत्या. त्यातल्या पस्तीस एका ३० मीटर लांब भिंतीकडे चालत निघालेल्या. भिंतीला दार आहे, पण समुद्रात भिंतीवरून किंवा बाजूने पोहत कुठेही जाता येतं! ही गंमत वरून तरंगताना हाती लागत नाही, खालीच उतरावं लागतं. मात्र सर्टिफिकेट नसलेल्याला इन्स्ट्रक्टर साधारणपणे १२ मीटरच्या खाली नेत नाही. म्हणजे ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट) आधी, तिकीट नंतर. पाणी १८ ते २२ अंशांचं, जाड वेटसूट लागतो, आणि जाड सूट वर तरंगवतो, म्हणून खाली जायला कमरेला जास्त वजन. नवख्याची निम्मी दमछाक त्यातच होते.

आता मासे. हे पुतळे सामू (pH) सांभाळलेल्या खास सिमेंटचे असतात, समुद्री जीवांना चिकटता यावं म्हणून. आधी शेवाळ, मग स्पंज, उष्ण पाण्यात प्रवाळही. त्यामुळे जितकी वर्षं जातील तितके चेहरे पुसट आणि मासे जास्त. प्रवाळ आणि कासवं हवीत तर मेनो. लान्सारोतेला प्रवाळाचे रंग शोधू नका. तिथे वाळूत दडलेला एंजल शार्क दिसला तर नशीब.

नागपूरहून थेट विमान दोन्हीकडे नाही. इंडोनेशियाला भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपियाह. आकडा ऐकून दचकू नका, आपले तीन हजारांच्या आसपास. स्पेनला शेंगेन व्हिसा, म्हणजे बँकेचे कागद, बोटांचे ठसे, वाट पाहणं. गिली बेटांवर मोटारगाड्या नाहीत, सामान घोडागाडीतून जातं. सोबत आईबाबा असतील तर त्यांनाही तिथे मजा येईल. आणि मे महिन्यात, आपल्याकडे पारा पंचेचाळीशीला टेकतो तेव्हा, तिथला कोरडा हंगाम असतो.

माझा कौल: घरचे सोबत असतील किंवा कोर्स झाला नसेल तर मेनो, फार विचार करू नका. दहा-बारा डाइव्ह गाठीशी असतील आणि थंडीचं वावडं नसेल तर लान्सारोते. शिल्पं म्हणून तीच मला सरस वाटतात.

मेनोलाही कोरं जाऊ नका. पावसाळा संपला की कुडाळला उतरून तारकर्ली गाठा, तिथे एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणला इन्स्ट्रक्टर धरून पाण्याखाली फिरवतो तो कोर्स नव्हे, पण कान दाब सोसतात का ते तिथे कळतं. सर्दी असेल तर तेही नको.

परतीच्या विमानाआधी किमान १८ तास डाइव्ह करायचा नाही. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. आणि डाइव्हच्या आदल्या रात्री सावजी रस्सा नको बाप्पा, रेग्युलेटरमधून, म्हणजे श्वासासाठी तोंडात धरायच्या यंत्रातून, ढेकर देताना फार पस्तावाल.