सावंतवाडीचा लाकडी भोवरा: वर्गात वापरून पाहिल्यावर

नववीच्या वर्गासाठी सावंतवाडीच्या चितारआळीतून लाखेचे रंग चढवलेले लाकडी भोवरे आणले, 60 रुपयांना एक. जाळी, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायची दोरी, वगळली तर वस्तू उत्तम.

कातकाम, म्हणजे लाकूड फिरवून केलेली घडण, सुरेख आहे. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळते आणि रंग बसतो. घडण आणि रंग दोन्ही फिरता फिरताच होत असल्याने भोवऱ्याचं अंग अक्षाभोवती सगळीकडून सारखं असतं. आर, म्हणजे टोकाचा खिळा, मात्र नंतर ठोकतात, तिथे नीट बघा. आमच्यातल्या एकाची किंचित तिरकी निघाली. तो भोवरा सारखा थरथरतो.

मला सगळ्यात आवडला तो याचा निमुळता उतार. जाळी आरीकडून वर गुंडाळतो, म्हणून फेकताना ती आधी रुंद भागावरून सुटते. तिथे अक्षापासूनचं अंतर जास्त, त्यामुळे तेवढ्याच ओढीत बलआघूर्ण (फिरवणारा जोर) जास्त मिळून भोवरा चटकन वेग घेतो. शेवटचे वेढे निमुळत्या भागावर असतात. तिथे दोरी त्याच वेगाने सुटली तरी फेरे जास्त पडतात. सायकलचे गिअर बदलावेत तसंच हे.

कलला तरी पडत का नाही, हा मुलांचा ठरलेला प्रश्न. गुरुत्वाकर्षणाचं आघूर्ण त्याला पाडायलाच बघतं. पण फिरत्या भोवऱ्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) अक्षाच्या दिशेने असतो आणि हे आघूर्ण त्याला काटकोनात. मग संवेग खाली न जाता बाजूला वळतो आणि अक्ष शंकूसारखा फिरत राहतो. हे परांचन या भोवऱ्यात अगदी स्वच्छ दिसतं. सुरुवातीला डुलणं संथ असतं. फिरकी मंदावली की ते वाढतं, कारण संवेग उरतो थोडा आणि आघूर्ण तेवढंच. सूर्य-चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा अक्षही असाच फिरतो, एका फेऱ्याला सुमारे 26,000 वर्षं, हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा पुढे येऊन बसली.

सोबतची नायलॉनची जाळी घसरते. सुती दोरी वेगळी घ्या. गुळगुळीत टाइल्सवर फेकू नका, आर ओरखडे काढते. मोठा भोवरा जास्त संथ डुलतो, दाखवायला तोच बरा. लहान हातांना मात्र मधल्या आकाराचा द्या, मोठा त्यांच्या मुठीत मावत नाही.