एकोज ऑफ द आय: मूळ खेळाच्या शेवटाआधी की शेवटानंतर?

आउटर वाइल्ड्स हा अंतराळात शोध घेण्याचा व्हिडिओ गेम निम्म्याच्या पुढे गेला की हा प्रश्न पडतोच: त्याचं डीएलसी, म्हणजे एकोज ऑफ द आय हा नंतर आलेला जोडभाग, आत्ता सुरू करावं, की मूळ खेळाचा शेवट बघून मग? मूळ खेळ 2019 चा आणि एकोज ऑफ द आय सप्टेंबर 2021 चं, त्यामुळे पहिल्या खेळाडूंपुढे निवड नव्हतीच. आता दोन्ही एकदम हाताशी असतात आणि खेळ स्वतः काही सुचवत नाही. डीएलसीला वेगळा मेन्यू नाही. ते त्याच सूर्यमालेत, त्याच 22 मिनिटांच्या लूपमध्ये आहे, म्हणजे तेवढ्या वेळाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. टिंबर हार्थ या आपल्या मूळ ग्रहावरच्या वेधशाळेतल्या संग्रहालयात एक नवी मांडणी दिसते, ती वाचून रेडिओ टॉवर गाठायचा आणि तिथले उपग्रहाचे फोटो नीट बघायचे. याच्या पुढचं कोणाकडून ऐकू नका, इथेही ते येणार नाही.

'नंतर'वाल्यांची बाजू आधी घेतो, कारण ती कमकुवत नाही. मूळ खेळाची खरी मजा नोमाई या नामशेष झालेल्या प्राचीन जमातीने लिहून ठेवलेल्या मजकुरात आहे. एका ग्रहावर वाचलेली ओळ दुसऱ्या ग्रहावरच्या भिंतीचा अर्थ लावते. डीएलसीत हा मजकूर वाचून देणाऱ्या ट्रान्सलेटरचा उपयोग होत नाही. तिथल्या लोकांची भाषा वाचता येत नाही, त्यांची कथा स्लाइड रीलच्या चित्रांतून कळते, आणि काही रीलमधल्या नेमक्या हव्या त्या चौकटी जाळलेल्या असतात. वाचण्याची सवय बाजूला ठेवून बघायला शिकावं लागतं. मूळ खेळ ऐन रंगात असताना ही उडी घेतली तर दोन्हींची लय तुटते. शिवाय मूळ खेळात नोमाईंना एक गोष्ट शेवटपर्यंत उमगत नाही आणि तिचा खुलासा डीएलसीत होतो. प्रश्न मनात घर करण्याआधीच उत्तर मिळालं तर ते उत्तर वाया जातं.

म्हणून दहा-बारा लूप झाल्यावर लगेच डीएलसीकडे वळू नये, याबद्दल मला शंका नाही. शिप लॉग म्हणजे यानातली शोधांची नोंदवही, तिचा अफवांचा नकाशा उघडून बघा, कारण लगेच कळतं. अर्धवट कार्डांवर 'इथे अजून शोधण्यासारखं आहे' अशी नारिंगी खूण असते. त्यात डीएलसीची वेगळ्या रंगाची कार्डं मिसळली की एकाच पडद्यावर दोन अपुरी जाळी दिसतात. मग कुठला धागा ओढायचा हे ठरवण्यातच लूपची पहिली काही मिनिटं जातात.

पण 'अर्ध्यात नको' याचा अर्थ 'शेवटानंतर' असा होत नाही. हे दोन पर्याय उगाच एकमेकांसमोर ठेवले जातात. मधली जागा म्हणजे मूळ खेळाचे सगळे धागे एका ठिकाणी येऊन मिळाले आहेत, काय करायचं ते कळलं आहे, फक्त ती शेवटची फेरी केलेली नाही. मी तिथेच थांबून डीएलसी घेतलं.

कारण एकच, आणि ते कटकटीचं आहे. डीएलसी पूर्ण केलं असेल तर मूळ खेळाच्या शेवटात भर पडते. छोटीशीच, पण मोक्याच्या जागी. शेवट आधी पाहिलेला असेल तर ती भर बघायला संपूर्ण शेवटची फेरी पुन्हा करावी लागते. क्रेडिट्सनंतर तोच सेव्ह पुढे चालू करता येतो, माहिती सगळी तशीच असते. तरी फेरी पहिल्या पावलापासूनच करायची असते. ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी पोहोचा, जे उचलायचं ते उचला, यानाकडे धावा. वाटेत एका टप्प्यावर इंजिनाला हात न लावता नुसतं तरंगत जायचं असतं, तिथे घाईने थ्रस्ट दिला की लूप संपला. पहिल्यांदा हे करताना छातीत धडधड होते, कारण पुढे काय आहे ते ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा कोडं उरत नाही, उरते फक्त ड्रायव्हिंग. त्यानंतर जो प्रसंग येतो तो मन हललेलं असताना पाहायचा आहे, आणि आपण तिथे पोहोचतो ते वैतागून. इतका सुरेख बेतलेला शेवट असा बघावा लागणं मला पटत नाही. काहींना दुसरी फेरी निरोपासारखी वाटते, तेही समजू शकतो.

दुसरा मुद्दा लहान आहे, पण रोज जाणवतो. डीएलसी एकाच जागी घडतं. यान बाहेर ठेवून आत जायचं, दर लूपला नदीवाटे पुन्हा त्याच काठांना लागायचं. लूपच्या ओघात तिथलं धरण फुटतं, त्यामुळे काही जागा पुराआधीच गाठाव्या लागतात. उत्तरार्ध काळोखाचा आहे, हातात फक्त कंदील, आणि चाल अगदी सावकाश. तिथे अडकलात तर एखादा लूप दुसऱ्या ग्रहावर काढणं हा उत्तम उतारा आहे. पण शेवट पाहून झाला असेल तर त्या ग्रहांवर करायला काही राहिलेलं नसतं. म्हणून मूळ खेळातली एक-दोन नारिंगी कार्डं मुद्दाम शिल्लक ठेवा.

भीतीचं म्हणाल तर ती दोन्ही क्रमांत सारखीच. सेटिंग्जमध्ये भीती कमी करण्याचा पर्याय आहे. त्याने पाठलाग सौम्य होतो, काळोख आणि कोडी तशीच राहतात. तो खेळ चालू असतानाही बदलता येतो, तेव्हा आधी बंद ठेवून बघा आणि कोड्यापेक्षा पळण्यातच वेळ जायला लागला की बिनदिक्कत चालू करा. डीएलसीकडे वळण्याआधी जायंट्स डीप या ग्रहावर गॅब्रो या सहप्रवाशाशी बोलून ध्यान मात्र शिकून घ्या. फसलेला लूप तिथल्या तिथे संपवता येतो, आणि डीएलसीत याची गरज मूळ खेळापेक्षा जास्त पडते. पहिल्यांदा डीएलसीची जागा सापडली की पुढच्या लूपला शिप लॉगमधून तिच्यावर खूण लावून निघा, शोधाशोध वाचते.

शेवट आधीच पाहिला असेल तर नवं प्रोफाइल काढायच्या फंदात पडू नका. जुन्याच सेव्हवर डीएलसी पूर्ण करा आणि शेवटची फेरी त्याच बैठकीत उरकू नका. मधे इतके दिवस जाऊ द्या की वाटेतली वळणं थोडी विसरायला होतील.