सगळेच सज्जन, मग दोषी कोण? : ‘इश क्लागे आन’ (१९४१)

फौजदारी वकिलीत आयुष्य गेल्यामुळे कोर्टाचे सिनेमे मी जरा खवचटपणेच पाहतो. साक्षीदाराच्या तोंडी कुणी उत्तर कोंबू लागलं की मला हसू येतं, वकील ज्यूरीसमोर भाषण ठोकू लागला की मी उठून जातो. नाझी जर्मनीतला, वोल्फगांग लीबेनआयनर दिग्दर्शित ‘इश क्लागे आन’, म्हणजे ‘मी आरोप करतो’, पाहताना मात्र उठता आलं नाही. या सिनेमाबद्दल माझी पहिली तक्रार हीच आहे: तो फार चांगला केलाय.

हेलमुट उंगर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. प्राध्यापक हाइट हे नामांकित डॉक्टर. त्यांची बायको हाना हसरी, उत्साही. घरी मेजवानी चालू असताना पियानोवर तिचा डावा हात अचानक ऐकेनासा होतो. निदान होतं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे हळूहळू शरीर लुळं करत नेणारा मज्जासंस्थेचा आजार. नवरा प्रयोगशाळेत रात्रंदिवस औषध शोधतो, ते सापडत नाही. पूर्ण परावलंबी व्हायच्या आत मला सोडव, असं हाना आधी डॉक्टर मित्र लांगला विनवते. तो नकार देतो. मग नवरा विष देतो आणि खटला उभा राहतो. हायडेमारी हाथायरने हाना इतकी जिवंत केलीय की निम्मा युक्तिवाद तिच्या चेहऱ्यावरच होऊन जातो.

आता कोर्ट. आरोपी सज्जन, मृत स्त्री सज्जन, विरुद्ध मताचा मित्रही सज्जन. प्रेक्षकाला कोर्टात कुणाला तरी दोषी धरायचं असतं. इथे माणूसच उरत नाही, उरतं फक्त कायद्याचं कलम. शेवटी हाइट उठतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून त्या कलमावरच आरोप ठेवतो. निकाल आपल्याला सांगत नाहीत. तो प्रेक्षकाने घरी जाताना द्यायचा.

खरी मेख त्याआधी ज्यूरीच्या खोलीत आहे. तिथे बोलणं सुरू होतं हानाबद्दल, म्हणजे शुद्धीत असलेल्या, स्वतः मागणी करणाऱ्या प्रौढ बाईबद्दल. बघता बघता विषय मनोरुग्णांवर सरकतो. ज्यांनी काही मागितलेलंच नाही, त्यांचं राज्यसंस्थेने बघावं, असं कुणीतरी अगदी समंजस आवाजात म्हणतो. या उडीला हरकत घेणारा वकील खोलीत नाही. दुसरीकडे लांगने वाचवलेल्या, पण आजाराने कायमचं अपंग झालेल्या एका बाळाचं उपकथानक समांतर चालू असतंच. ते बाळ दिग्दर्शक आपल्याला दाखवत नाही. लांग संस्थेत जाऊन येतो आणि त्याचं मत बदलतं, एवढंच. पुरावा न दाखवता नुसता परिणाम दाखवायचा! खऱ्या कोर्टात मी उलटतपासणीला पहिलं तेच मागितलं असतं.

सिनेमा लागला २९ ऑगस्ट १९४१ला. तोवर बर्लिनच्या टिअरगार्टनश्ट्रासे ४ इथून चाललेल्या नाझी सरकारच्या मोहिमेत ७०,०००हून जास्त रुग्ण आणि अपंग माणसं गॅसने मारून झाली होती. त्यांच्यासाठी ना ज्यूरी बसली, ना बचावाचा वकील. डॉक्टर रुग्णाला न बघताच फॉर्मवर खूण करत: लाल अधिक म्हणजे मरण, निळी वजा म्हणजे जगणं. घरच्यांना मृत्यूचं खोटं कारण कळवलं जाई. ३ ऑगस्टला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमध्ये उघडपणे याला खून म्हटलं. महिनाअखेरीस गॅसकेंद्रांचं काम अधिकृतपणे थांबलं, पण औषधं आणि उपासमार वापरून हत्या पुढेही चालूच राहिल्या. सिनेमामागे जोर लावणारा व्हिक्टर ब्राक हा याच मोहिमेचा एक सूत्रधार. म्हणजे पडद्यावर बारकाईने उभं केलेलं ते कोर्ट प्रत्यक्षात नसलेल्या कोर्टाची जागा भरून काढत होतं. ब्राकला मात्र न्यूरेंबर्गला खरं कोर्ट मिळालं, वकिलासकट. १९४८मध्ये तो फाशी गेला.

(लीबेनआयनरचं काही अडलं नाही. १९५६मध्ये त्याने गाणाऱ्या ट्राप कुटुंबावर गोड सिनेमा काढला आणि तो तुफान चालला.)

जर्मनीत हा सिनेमा आजही ‘राखीव’ यादीत आहे. तज्ज्ञाची प्रस्तावना आणि नंतर चर्चा असेल तरच दाखवता येतो. मला ही अट रास्त वाटते. इच्छामरणाच्या बाजूचा माणूसही तो पाहून आपलं मत भक्कम झालं असं समजेल, आणि ते भक्कम करायला कोण आलं होतं हे त्याला कळणारही नाही. अभिनयाला पैकीच्या पैकी, युक्तिवादाला शून्य.

हाच प्रश्न प्रामाणिकपणे मांडलेला हवा असेल तर जर्मन लेखिका रिकार्डा हूखची १९१७ची कादंबरी ‘डेर फाल डेरुगा’ वाचा. घटस्फोटित, कॅन्सरग्रस्त बायकोला विष दिल्याचा आरोप असलेला तिथला डॉक्टर चिडका आणि उर्मट आहे. कोर्टात स्वतःचीच बाजू बिघडवत राहतो. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटायला वाचकाला कष्ट पडतात. हूखबाई १९३३मध्ये नाझींशी जमवून घ्यायला नकार देऊन लेखक-कलावंतांच्या प्रशियन अकादमीतून बाहेर पडली होती. कादंबरीवर १९३८ आणि १९५८मध्ये सिनेमेही निघाले, पण आधी पुस्तक.