जिम्नी, शेडनेट आणि सोलापूरचं ऊन: कॅम्पिंगसाठी वापरून झाल्यावर

हिवाळा, अख्खा उन्हाळा आणि आता पहिले पाऊस, एवढं सगळं मारुतीच्या जिम्नीत फिरून आणि झोपून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय. माझं ठाम मत असं झालंय की आपल्याकडच्या माणसानं गाडी कॅम्पिंगसाठी तयार करताना पहिला पैसा सावली आणि हवेवर घालावा, लाइट बार नि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) नंतर बघू.

घेताना थार आणि स्कॉर्पिओ-एन दोन्ही चालवून बघितल्या. पण आम्ही नवरा-बायको दोघंच फिरतो आणि रोज सोलापुरात नवी पेठेत गाडी लावायला जागा शोधायची असते, त्यामुळं चार मीटरच्या आतली, लॅडर फ्रेम (ट्रकसारखी खाली वेगळी मजबूत चौकट) आणि फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) असलेली जिम्नी ठरली. डिकी २०८ लिटरची आहे, चौघं आणि चौघांचं सामान असा विचार असेल तर ही गाडी नकोच. दोघांना मागची सीट पाडून भरपूर होतं. झोपायला पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढून पाठ पूर्ण मागं टाकली की ती मागच्या सीटला भिडते, मधे खड्डे राहतात त्याला गादीवाल्याकडून मापाचे फोमचे तुकडे कापून घेतले, वर चादर, झालं.

आता सावली. जिम्नीचं मागचं दार बाजूला उघडतं, वर उघडत नाही, म्हणजे त्या दाराखाली बसायला आडोसा मिळत नाही. तयार ऑनिंग, म्हणजे टपाला लावायचे कापडी मांडव, बघितली, चांगली असतात पण महाग, आणि कापड घट्ट असलं की खाली गरम हवा कोंडते. शेवटी रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट, ७५ टक्के ऊन अडवणारी, शेतीच्या दुकानातून मीटरवर घेतली, कडेनं आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) मारून घेतले. एक टोक टपाच्या कडेला, दुसरं दोन पाइपांना आणि खुंट्यांना. खरी गंमत म्हणजे नेट टपाला चिकटवायची नाही, वीतभर वर ताणायची, मधून वारं गेलं पाहिजे. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याला हात लावला की फरक लगेच कळतो. काचांना फिल्म लावू नका, काळ्या फिल्मला सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच बंदी घातलीय, थांबल्यावर लावायचे काढते पडदे पुरतात. रात्री दोन काचा अर्ध्या खाली, वरून मच्छरदाणीची खोळ आणि एक छोटा पंखा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. शेगडीसुद्धा बाहेरच.

फ्रिज घेतलाय, कंप्रेसरवाला. चालू असताना ४०-५० वॅट ओढतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो थांबतोच कुठं, त्यामुळं १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वेगळी ठेवलीय, आणि तीही सीटमागं सावलीत, उन्हात तापली की आयुष्य कमी होतं. हिवाळ्यात मात्र फ्रिज घरीच असतो. कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, वाटेत कुठं दही मिळालं की जेवण झालं, तेवढी जागा पाण्याच्या कॅनला मिळते आणि पाणी जास्त गरजेचं आहे.

टपावरच्या तंबूचा मोह सोडून द्या. असा तंबूच ५०-६० किलो भरतो, मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते ती आधी वाचा.

फोर बाय फोरबद्दल एक सांगतो. नळदुर्गच्या पलीकडं एका शेतकऱ्याला विचारून मुक्काम केला, आभाळ भरून आलेलं. ते म्हणाले, "पाव्हणं, गाडी मुरमावरच ऱ्हाऊ द्या, रानात घालू नका, पडला तर ट्रॅक्टर आणावा लागंल." रात्री पडलाच. सकाळी त्या रानातून दहा पावलं चाललो तर चपलेखाली मातीचा लाडू झालेला, पाय उचलेना. टायरची नक्षी अशी भरली की चारही चाकं नुसती जागेवर फिरतात, फोर-लो असो नाहीतर काय असो. आपल्या काळ्या रानात मुरूम बघून गाडी लावणं हेच ऑफरोडिंग. नान्नजकडं माळढोकचं अभयारण्य आहे, तिकडं गवताळ माळ दिसला म्हणून तंबू टाकू नका.

विजापूरमार्गे हंपीला जाऊन आलो, ८०-९० च्या वेगानं एसीसकट पंधराच्या आसपास ॲव्हरेज पडतं. टाकी ४० लिटरचीच आहे, त्यामुळं अर्ध्यावर काटा आला की मी पंप शोधतो. पुढचा खर्च टायरचा, कंपनीचे १९५/८० आर१५ झिजले की त्याच मापाचे एटी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यावरही चालणारे) टाकणार, रुंद नाही.