पगार २१ हजारांवर गेला, ईएसआय सुटला, आता काय?

कारखान्याच्या ऑफिसात पगारपत्रकं करणाऱ्याला हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच. यंदा जुलैत मोल्डिंगमधल्या एकाचा पगार २०,५०० वरून २२,५०० झाला. वाढीचं पत्र हातात घेऊन तो टेबलापाशीच उभा राहिला. "म्हणजे माझा ईएसआय बंद होणार का, साहेब?" ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठीचा. घरात बायको, दोन पोरं आणि ७१ वर्षांची आई. आईला बीपी आणि शुगर. आता खासगी पॉलिसी घ्यायची, की सरकारी कार्डावर भागवायचं, हे त्याला ठरवायचं होतं.

आधी जे सुटतंय ते काय होतं, ते बघू. ईएसआयच्या दवाखान्यातल्या रांगेला सगळेच नावं ठेवतात. पण २०,५०० वर त्याचे महिन्याला कापले जात होते फक्त १५४ रुपये (०.७५ टक्के), कंपनी ३.२५ टक्के भरत होती. तेवढ्यात साध्या तापाची तपासणी, औषधगोळ्या, मोठं ऑपरेशन, अवलंबून असलेले आईवडील, सगळं आलं. शिवाय आजारपणात घरी बसावं लागलं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. हे शेवटचं ना सरकारी आयुष्मान कार्ड देतं, ना नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी. रोजंदारीच्या हिशेबात जगणाऱ्याला ऑपरेशनच्या बिलाइतकाच बुडालेला पगार जड जातो.

बरं, २१,००० ओलांडले म्हणून ईएसआय दुसऱ्या दिवशी तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ असतो. त्यात मध्येच पगार वाढला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालू राहते, आणि त्या वर्गणीवरचा लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत मिळतो. म्हणजे आमच्या या माणसाकडे जवळजवळ एक वर्ष आहे. बहुतेक जण हे वर्ष झोपून घालवतात. ते का घालवू नये, ते खासगी पॉलिसीच्या जागी सांगतो.

आता सरकारी कार्ड. महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशन कार्डवाल्यांसाठी होती आणि दीड लाखाची होती. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही लागू झाली, आणि रक्कम केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेइतकीच, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. हप्ता शून्य. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. ऐकायला इतकं चांगलं आहे की माणूस विचारतो, मग पॉलिसीवर पैसे घालवायचे कशाला?

घालवायचे की नाही, हे तुमच्या गावातल्या रुग्णालयावर ठरतं. योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. खासगी रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हृदयासाठी आहे आणि हाडांसाठी नाही, असंही होतं. त्यामुळे 'अमुक हॉस्पिटल योजनेत आहे' या ऐकीव माहितीवर विसंबू नका. तिथल्या आरोग्यमित्राच्या (योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाच्या) टेबलावर जाऊन विभागाचं नाव घेऊन विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात येत नाहीत.

आणि कागद. माझ्या सासऱ्यांच्या ॲन्जिओप्लास्टीच्या वेळी रेशन कार्डावर 'विठ्ठल' होतं, आधारवर 'विठल'. एका 'ठ्'पायी पूर्वमंजुरी दीड दिवस लटकली, आणि तोवर काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणत होता, "डिपॉझिट भरा, मंजुरी आली की बघू." धडधाकट असतानाच ई-केवायसी करून आयुष्मान कार्ड काढून ठेवा. लग्न होऊन आलेली सून आणि नवं बाळ रेशन कार्डावर चढलंय का, तेही बघा.

आईचा प्रश्न तुलनेनं सोपा निघाला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला आधीच योजना असली तर आईचे ५ लाख वेगळे. आधार कार्ड पुरतं.

राहिली खासगी पॉलिसी. तिच्यात तुम्ही पैसे मोजता ते रुग्णालय निवडायला. यादीत नसलेल्या उपचारालाही ती बऱ्याचदा चालते. मोबदल्यात थांबावं लागतं: अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही नाही, हर्निया-मोतीबिंदूसारख्यांना साधारण दोन वर्षं, आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन. म्हणूनच ईएसआय चालू असतानाच पॉलिसी घ्यावी. घड्याळ आत्ता सुरू होतं आणि मधल्या काळात ईएसआयचा आधार असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा.

दोन गोष्टी एजंट आपणहून सांगेलच असं नाही. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळे ७१ वर्षांच्या आईला त्यात घातलं की चौघांचाही हप्ता फुगतो. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. तीन लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा असेल तर दिवसाला ३,००० ची खोली. तुम्ही ६,००० ची घेतलीत, तर फक्त भाडंच नाही, खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या बाकी खर्चालाही निम्म्यानं कात्री लागते. मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या, असं माझं मत.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात म्हणून 'माझा विमा आहे' म्हणणारेही भेटतात. तो अपघाती मृत्यू-अपंगत्वाचा विमा. दवाखान्याचं बिल त्यातून निघत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथल्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला २०० रुपयांत अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना ३०० रुपयांत चार लाख, आणि अट पाच वर्षं राहिल्याची. इतक्या पैशात हे न घेण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

आमच्या माणसानं काय केलं? आईचं वय वंदना कार्ड काढलं. चौघांची आयुष्मान कार्डं काढली. धाकट्याचं नाव रेशन कार्डावर नव्हतंच, ते चढवायला दिलंय. चौघांसाठी पाच लाखांची फ्लोटर दिवाळी बोनसमधून घेणार म्हणतोय. मी त्याला म्हटलं, बोनसची वाट बघू नको, हप्ता तिमाही भर.

शुगरच्या गोळ्यांचं मात्र कुठल्याच कार्डात बसलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वगळून. पुढच्या जुलैपासून तो आईला महिन्यातून एकदा तिथे नेणार आहे. तोवर ईएसआयच्याच रांगेत.