रेपो बदलल्यावर कोण किती छळतं: ॲप्ट, डीएनएफ आणि पॅकमॅनचा रिव्ह्यू

तीन लिनक्स मशीनवर लागोपाठ रेपो (म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं जिथून येतात तो सर्व्हरवरचा साठा) बदलायची वेळ आली, एकावर डेबियन, एकावर फेडोरा, एकावर आर्च, आणि त्यांची पॅकेजं बसवणारी टूल्स अनुक्रमे ॲप्ट, डीएनएफ आणि पॅकमॅन, म्हटलं एवढं डोकं खाल्लंय तर लिहूनच टाकू. रिव्ह्यू फक्त एकाच गोष्टीचा बरं का, रेपो बदलला की जुना कॅशे, म्हणजे आधी उतरवून ठेवलेल्या याद्या आणि फाइली, कोण कसा निस्तरतं.

ॲप्टपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त रात्र त्यानेच खाल्ली. कुणालाही विचारा, 'ॲप्ट क्लीन' मार म्हणतो. मारला, दोनदा मारला, रेपो बदलल्यावर आलेली एरर तशीच. क्लीन उडवतं काय तर /व्हार/कॅश/एपीटी/अर्काइव्ह्ज मधल्या डाउनलोड झालेल्या डेब फाइली, म्हणजे डेबियनची पॅकेजं. कुठल्या रेपोत कुठलं व्हर्जन आहे ती यादी असते /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स मध्ये, तिला हे हातही लावत नाही. नाव क्लीन आणि झाडतं फक्त पुढची खोली!

खरं तर साधं 'ॲप्ट अपडेट' पुरतं. यादीच्या फाइलचं नावच सर्व्हरच्या पत्त्यावरून बनतं, पत्ता बदलला की नवी फाइल येते आणि जुनी अपडेट स्वतःच काढून टाकतं, हे डिझाइन मला मनापासून आवडलं. गोची होते अपडेट मधेच गंडलं की. तेव्हा शेवटी एक वॉर्निंग येते की काही इंडेक्स (म्हणजे याच याद्या) मिळाले नाहीत, जुनेच वापरले, आणि ती कोण वाचतं, वरून एवढ्या ओळी पळत गेल्यावर? मग इन्स्टॉल करायला जावं तर ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही, कारण यादीतलं व्हर्जन सर्व्हरवरून कधीच गेलेलं. माझंही अपडेट गंडलं होतं, नवीन पत्त्यात रिलीजचं नाव चुकवलं होतं, म्हणजे गाढवपणा माझाच, पण असे मेसेज जरा मोठ्याने ओरडायला हवेत. 'हॅश सम मिसमॅच', म्हणजे उतरवलेली फाइल पडताळणीत जुळली नाही, असा आला तर मात्र स्वतःला दोष देऊ नका, बहुतेक वेळा मिरर (रेपोची नक्कल ठेवणारा सर्व्हर) अर्धवट सिंक झालेला असतो किंवा मधला प्रॉक्सी सर्व्हर शिळी फाइल देत असतो. लिस्ट्स फोल्डर रिकामं करून परत अपडेट करा, तरीही तेच आलं तर सरळ दुसरा मिरर धरा. साडेतीन स्टार.

डीएनएफचा त्रास वेगळा. घरच्या छोट्या रेपोत नवीन आरपीएम (फेडोराचं पॅकेज) टाकलं, रेपोची यादी बनवणारं क्रिएटरेपो चालवलं, तरी डीएनएफ म्हणतंय सगळं अपटूडेट आहे. मेटाडेटा, म्हणजे ही यादी, किती वेळ ताजा धरायचा याची डीफॉल्ट मुदत ४८ तास असते, रेपोच्या फाइलमध्ये बदलली नसेल तर तोवर ते ढुंकूनही बघत नाही. लोक लगेच 'क्लीन ऑल' करून सगळं पुन्हा खाली उतरवतात, कशाला? कमांडला रिफ्रेश ऑप्शन जोडला की काम होतं.

पॅकमॅन सरळ आहे, मिररची यादी असलेली मिररलिस्ट फाइल बदला आणि पॅकमॅन -एसवायवाययू (-Syyu) चालवा, दोन वाय म्हणजे यादी ताजी वाटत असली तरी जबरदस्तीने परत आण. फक्त शेवटचा यू, म्हणजे सगळं अपग्रेड कर, तो गाळून नुसतं पॅकेज टाकू नका, अर्धवट अपग्रेड आर्चवाले सपोर्टच करत नाहीत आणि लायब्ररी मोडली की तुम्ही आणि तुमचं नशीब. चार स्टार.

आणि तिन्हीकडे लागू पडणारी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली: कॅशे कितीही घासला तरी काढून टाकलेल्या रेपोतून आधी बसवलेलं पॅकेज मशीनवर तसंच राहतं, आणि त्याचं व्हर्जन वरचं असेल तर अधिकृत रेपोतलं त्याच्या जागी येतच नाही. ॲप्टमध्ये 'ॲप्ट पॉलिसी' बघायचं, बसलेल्या व्हर्जनखाली फक्त डीपीकेजी स्टेटसची (मशीनवर काय बसलंय त्या नोंदीची) ओळ दिसली की समजायचं हे अनाथ आहे, मग व्हर्जन सांगून एकेक खाली आणत बसा. पॅकमॅनला खाली आणायला दोनदा यू द्यावा लागतो. डीएनएफमध्ये 'डिस्ट्रो-सिंक' एकदा चालवलं की सगळं रेपोच्या व्हर्जनला येतं, त्याला साडेचार स्टार दिले ते यासाठीच, ४८ तासांचा राग गिळून.